एकवीसपैकी तेरा

अंजली पगारेला देवळालीच्या पलीकडे लष्कराच्या एका प्रशिक्षण केंद्रात फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली, तेव्हा तिच्या वडिलांनी अख्ख्या कॉलनीत पेढे वाटले. नोकरी कंत्राटी होती, गणवेश नव्हता की टोपी-पट्टा नव्हता. पण नोटा छापायच्या सरकारी प्रेसमधून रिटायर झालेले पगारे नाशिकरोडला भेटेल त्याला सांगत सुटले, "पोरगी मिलिटरीत लागली." अंजलीने एक-दोनदा दुरुस्त करून पाहिलं आणि मग नाद सोडला.

ही दोन हजार आठची गोष्ट. त्या केंद्रात देशभरातून भरती झालेली पोरं यायची. धड मिशीसुद्धा न फुटलेली, नुकतंच डोकं भादरलेली, एकमेकांची भाषा न कळणारी. त्यांना तिथे रिक्रूट म्हणत. सुरुवातीचे काही आठवडे बरे जायचे. मग बूट घालून रोजची धाव, परेड, दोरावरची चढाई, पाठीवर पिठ्ठू लादून डोंगराकडची रपेट असं सगळं अंगावर आलं, की पोरं लंगडत अंजलीच्या खोलीत यायला लागायची. कुणाचा गुडघा सुजलेला, कुणाच्या नडगीच्या हाडाला केसासारखी चीर गेलेली. चीर निघाली की तो मुलगा मागच्या तुकडीत ढकलला जायचा आणि फार वेळा ढकलला गेला की घरी. अंजलीच्या हातात होतं काय, तर शेकणं, पट्टी बांधणं आणि 'आराम कर' म्हणणं. तिथे आराम कुणाला मिळत नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं आणि पोरांनाही.

त्या हिवाळ्यात केंद्राच्या दवाखान्यात मेजर कुरियन बदलून आले. केरळचे, बुटके, कमी बोलणारे. त्यांनी आल्या आल्या मागच्या दुखापतींची सगळी कागदपत्रं वाचून काढली आणि अंजलीला बोलावलं. अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी बोलत त्यांनी विचारलं, "मिस पगारे, मोडल्यावर जोडत बसण्यापेक्षा, मोडणार कोण ते आधी कळलं तर?"

मग त्यांनी तिला ती चाचणी शिकवली. सात हालचालींची होती. डोक्यावर काठी धरून पूर्ण खाली बसायचं. ताणलेल्या दोरीवरून पाय उचलून पलीकडे टेकवायचा. अरुंद फळीवर एक पाय पुढे टाकून गुडघा टेकवायचा. पाठीमागे दोन्ही हात नेऊन मुठी जवळ आणायच्या. उताणं पडून पाय सरळ वर उचलायचा. जोर काढायचा. आणि रांगत्या पोरासारखं होऊन एका बाजूचा हात-पाय एकदम उचलायचा. हालचाल नीट जमली तर तीन गुण, वेडीवाकडी जमली तर दोन, नाहीच जमली तर एक. आणि करताना दुखलं तर शून्य. शून्य मिळालेल्याची लगेच डॉक्टरांकडे तपासणी. सगळे मिळून एकवीस गुण. चौदा किंवा त्याहून कमी मिळालेल्यांना पुढे दुखापत होण्याचा संभव जास्त, असं परदेशातल्या खेळाडूंवरून कुणीतरी लिहिलं होतं. फौजेतल्या पोरांना ते लागू पडतं का, हे मेजरांना बघायचं होतं.

अंजलीला वाटलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी कामाचं हाती लागलंय.

नवी तुकडी आली तशी जिममध्ये चाचणी सुरू झाली. थंडी मी म्हणत होती. बनियन आणि चड्डीवर रांगेत उभी असलेली पोरं काखेत हात घालून कुडकुडत होती. रांग लावायला भारत उस्ताद होते. येवल्याकडचे हवालदार, पोरांना पी.टी. शिकवणारे. त्यांचा आवाज ऐकला की पोरांची थंडी पळायची.

"सायखेड्याचा का रे तू?" एका मुलाचं नाव-गाव वाचून अंजलीने विचारलं.

मराठी ऐकून तो मुलगा दचकलाच. मग त्याचा चेहरा खुलला. "हो मॅडम. कुंदन मोतीराम. गोदाकाठीच आमचं घर हाय."

सावळा, लांब हातापायांचा, एकोणीस-वीसचा पोरगा. काठी डोक्यावर धरून तो खाली बसायला लागला आणि अर्ध्यावरच अडला. अंग डावीकडे कललं, उजवी टाच उचलली गेली. पुन्हा करायला सांगितलं, पुन्हा तसंच. दोरीवरून डावा पाय सहज गेला. उजवा उचलताना मात्र त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात सुरकुती पडली आणि विरली. पापणी लवावी एवढाच वेळ, पण अंजली नेमकी तिथेच बघत होती.

"दुखतं का?"

"नाय मॅडम."

"खरं सांग. दुखत असेल तर सांगायचं असतं. कुणी रागवणार नाही."

"नाय ना मॅडम. थंडीनं आखडलं असंल."

तो समोर भिंतीकडे बघत होता. मागे पोरांची रांग थांबली होती. अंजलीने एक गुण लिहिला. उरलेल्या हालचाली झाल्या, बेरीज आली तेरा.

संध्याकाळी ती आकडे घेऊन मेजरांकडे गेली. चौदाच्या आत अडकलेली पोरं थोडीथोडकी नव्हती, जवळजवळ दर पाचातला एक. "सर, यातला एक मला वेगळा वाटतो," ती म्हणाली. "त्याला दुखत होतं, पण तो नाही म्हणाला."

"मग लिहिलंत काय?"

"तो म्हणाला ते."

मेजरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बरोबर आहे. नियम तसाच आहे. दुखतं हे ज्याचं त्यानेच सांगायचं. आणि बाकीच्यांचं म्हणाल, तर हा आकडा गर्दीबद्दल बोलतो, एकेका मुलाबद्दल नाही. यातले बरेचसे काहीही न होता पार पडतील. सगळ्यांना थांबवा म्हणून मी वर गेलो, तर मला विचारतील, पुरावा काय?"

तरी ते वर गेले. कमी गुणांच्या मुलांना पळवण्याआधी काही आठवडे वेगळे व्यायाम द्यावेत, असं त्यांनी मांडून पाहिलं. वेळापत्रक हलणार नाही, असं उत्तर आलं. हवं तर संध्याकाळी अर्धा तास घ्या, ज्यांची इच्छा असेल ते येतील.

आता रिक्रूटच्या दिवसातला तो अर्धा तास म्हणजे काय, हे तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. त्यातच बूट चमकवायचे, त्यातच कपडे धुवायचे, त्यातच घरी फोन करायला रांग लावायची. अंजलीने चटया टाकल्या. पहिले काही दिवस पोरं आली. मग बराकीत त्यांना नाव पडलं, लंगडी पलटण. जेवणाच्या रांगेत कुणीतरी लंगडत चालून दाखवायचं आणि सगळे फिदीफिदी हसायचे. चटया रिकाम्या पडू लागल्या. कुंदनचं येणं सगळ्यांत आधी बंद झालं.

मेजरांनी मग या व्यायामांसाठी रविवारची सकाळ मागून घेतली. म्हणून एका रविवारी अंजली नाशिकरोडहून देवळाली कॅम्पच्या सिटी बसमध्ये बसली होती. शेजारी एक बाई येऊन टेकली. डोक्यावरून पदर, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा, पायांशी कापडी पिशवी. पिशवीतून शेंगदाण्याच्या लाडवांचा वास येत होता.

"बाई, मिलिट्रीच्या पोरांना भेटायचं गेट कुठं येतं?" तिने विचारलं. "माझा कुंदन हाय तिथं. सायखेड्याहून आले मी. ह्यांना मार्केटला भाजी घेऊन जायचं होतं, म्हणून एकलीच निघाले."

अंजलीने नीट वळून पाहिलं. तेच लांब हात, तेच डोळे. "मी तिथंच कामाला आहे मावशी. उतरल्यावर दाखवते."

"तिथं कामाला? काय करता?"

"पोरांचे हातपाय दुखले-खुपले तर व्यायाम देते."

"अगं माय! मंग देवानंच गाठ घातली आपली." कुंदनची आई, नवसाबाई, अख्खी तिच्याकडे वळली. "येक काम करा ना. त्याच्या उजव्या खुब्याला गरम तेल चोळायला सांगा त्याला. थंडीत लय आखडतो. सहावीत होता ना, तवा ट्रॉलीवरून पडला. फ्लॉवरच्या गोण्या भरलेली ट्रॉली, आन् हा वरती बसलेला. कितीतरी दिवस अंथरुणातून उठला नाय. हाडवैद्यानं बसवला पाय. पण मांडी घालून बसायला आजून तरास होतो बघा. भरतीच्या डाक्टरला पत्ता बी नाय लागू दिला त्यानं!"

शेवटचं वाक्य ती पोराच्या हुशारीचं कौतुक सांगावं तशी बोलली आणि हसली. हसता हसता तिची नजर अंजलीच्या चेहऱ्यावर गेली आणि तिचं हसू थिजलं.

"काय झालं? काय चुकीचं बोलले का मी?"

अंजलीने खिडकीकडे मान वळवली.

"तुम्ही सांगणार नाय ना कोणाला?" नवसाबाईचा आवाज एकदम खाली आला. "बाई, तुमच्या पाया पडते मी." आणि बसमध्ये, सगळ्यांच्या देखत, ती खरोखरच वाकली. कंडक्टर बघायला लागला. अंजलीने तिचे खांदे धरून तिला वर बसवलं.

"मावशी, त्याचा पाय नीट राहावा म्हणूनच आहे मी तिथं," ती म्हणाली. ते हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. नवसाबाईलाही ते कळलं.

आई भेटून गेल्यावर अंजलीने कुंदनला गाठलं. गेटजवळच्या चिंचेखाली तो लाडवांची पिशवी धरून उभा होता. आईने त्याला सगळं सांगितलं असावं. तो स्वतःच म्हणाला, "मॅडम, आता कळलंच तुम्हाला."

"जांघेत दुखतं ना? पळून आल्यावर?"

त्याने पिशवीची गाठ आवळली. "पळून आल्यावर दुखतं. मंग थांबतं. सकाळी पुन्हा पळायला लागलं का थोड्या वेळानं बधिर होतं. चालू राह्यलंय तसं."

"कुंदन, हे साधं नाही. मांडीच्या हाडाचं वरचं टोक मोडलं तर आयुष्यभराचं होईल. आत्ता थांबलास तर निदान हाड तरी..."

"थांबलो तर मला घरी पाठवतील." तो शांतपणे म्हणाला. "दोनदा भरतीला बाद झालो मॅडम. एकदा पळण्यात मागं पडलो, एकदा छाती भरली नाय. ह्या टायमाला वयात बसायची शेवटची वेळ होती. गावात माझ्या नावाचा बोर्ड लावलाय पोरांनी, फोटोसकट." मग त्याने तिच्याकडे सरळ बघून विचारलं, "तुम्ही मला येक सांगा. मोडंलच, का मोडू शकतं?"

अंजलीला खोटं बोलता आलं असतं. मोडेलच, असं ठासून म्हणाली असती तर कदाचित तो घाबरला असता. पण तो इतका आशेने बघत होता की तिच्या तोंडून खरंच निघालं. "नक्की नाही सांगता येत."

"मंग?" कुंदन म्हणाला.

काही दिवस तिने तोंड मिटून काढले. सकाळी मैदानावरून पोरं पळताना दिसली की तिची नजर आपोआप उजव्या पायांवर जायची. शेवटी तिला राहवेना. तिने जाऊन मेजरांना सगळं सांगितलं. बसमधलं, चिंचेखालचं, सगळं.

मेजरांनी त्याच दिवशी कुंदनला बोलावलं. केसपेपरवर लिहिलं, बालपणी खुब्याला दुखापत, आईने सांगितल्यावरून. एक्स-रे काढला. एक्स-रे स्वच्छ निघाला. खुब्याचा सांधा किंचित वेगळ्या घडणीचा होता, पण चीर नव्हती. "सुरुवातीची चीर एक्स-रेत दिसत नाही," मेजर अंजलीला म्हणाले, "दुसऱ्या तपासणीला पुण्याला पाठवावं लागेल. त्यासाठी त्याची तक्रार तर हवी." मग कुंदनकडे वळून त्यांनी हिंदीत विचारलं, "दर्द है?"

"नहीं साहब."

"मॅडमना तू वेगळं सांगितलंस."

"थंड का दर्द था साहब. अब नहीं है."

"एका पायावर उड्या मार. उजव्या."

कुंदनने उड्या मारल्या. मेजर थांब म्हणेपर्यंत मारल्या, आणि वर हसला. त्याच्या वरच्या ओठावर घाम फुटलेला अंजलीला दिसत होता. जानेवारीच्या सकाळी.

मेजरांनी बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं. शेवटी लिहिलं, फिट, लक्ष ठेवावं.

बाहेर पडताना कुंदन दारात थांबला. रागावला नव्हता, तेच तिला जास्त लागलं. "सांगितलंच ना मॅडम," एवढं बोलून तो गेला. त्यानंतर समोरून आला तरी तो कधी तिच्याकडे बघायचा नाही.

अंजली भारत उस्तादांकडेही जाऊन आली. त्यांनी ऐकून घेतलं. "मॅडम, काहीच दुखत नाही असा एक तरी पोरगा मला दाखवा ह्या मैदानात," ते म्हणाले. "पण बघतो मी." आणि खरोखर त्यांनी पाहिलं. कुंदनला ते रांगेत मागे ठेवू लागले, एकदा त्याच्या पिठ्ठूतलं ओझंही कमी करायला लावलं. दुसऱ्या दिवशी कुंदन त्यांच्यासमोर सावधान उभा राहून म्हणाला, "उस्ताद, मैं पूरा वजन उठाऊंगा." सगळी तुकडी ऐकत होती. उस्तादांना हो म्हणण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

मार्चमध्ये दहा किलोमीटरची मोठी धाव होती. पाठीवर पूर्ण वजन, हातात रायफल. धावेत पास व्हावं लागायचं. ऊन सकाळीच चटके द्यायला लागलं होतं. मेजरांनी अंजलीला रुग्णवाहिकेबरोबर वाटेत उभं केलं. पोरं लोंढ्याने आली, धूळ उडवत, एकमेकांना ओरडून धीर देत. कुंदन मधल्या घोळक्यात होता. त्याचं पाऊल पाहिलं आणि अंजली रस्त्यात उतरली. उजवा पाय तो मांडीतून उचलतच नव्हता, कंबरेने ओढून पुढे टाकत होता.

"उस्ताद, याला काढा बाहेर!" ती ओरडली.

शेजारून पळणाऱ्या उस्तादांनी पाहिलं. "कुंदन, निकल! बाहर निकल!"

कुंदनने मान हलवली आणि उलट वेग वाढवला. अंजली त्याच्या बाजूने धावत सुटली. "कुंदन, थांब. ऐक माझं. अरे थांब बाबा!" ती सलवार-कमीजमध्ये, पायात साध्या चपला. वीस-पंचवीस पावलांतच मागे पडली. पाठीवर ओझं घेतलेला, एका पायाने अधू झालेला तो मुलगा तिच्यापासून दूर दूर जात राहिला आणि ती कंबरेवर हात ठेवून, धापा टाकत रस्त्यात उभी राहिली.

पुढच्या उतारावर तो कोसळला. जवळच्या पोरांनी नंतर सांगितलं, वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. रुग्णवाहिका पोचली तेव्हा तो पाठीवरच्या ओझ्यासकट कुशीवर पडला होता आणि उजवं पाऊल भलतीकडेच वळलं होतं. रायफल त्याने अजून सोडली नव्हती. उस्ताद गुडघ्यावर बसून त्याची बोटं एक एक करून सोडवत होते.

"मॅडम, किती राह्यलं होतं?" त्याने विचारलं.

"थोडंच," अंजली म्हणाली. खरं म्हणजे निम्म्याहून जास्त राहिलं होतं.

त्याला पुण्याच्या लष्करी दवाखान्यात नेलं. खुब्याच्या हाडाची मान मोडून सरकली होती. स्क्रू घालून जोडली. कित्येक महिन्यांनी वैद्यकीय बोर्ड बसलं आणि त्याला सेवेतून काढलं. ते होणारच होतं. पण बोर्डापुढे प्रश्न होता की ही दुखापत सेवेमुळे झाली का. आणि केसपेपरवर मेजरांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, बालपणीची दुखापत, आईने सांगितल्यावरून. बोर्डाने निष्कर्ष काढला की दोष भरतीआधीचा होता आणि उमेदवाराने तो लपवला. त्यामुळे जखमी जवानाला जे काही मिळतं, त्यातलं त्याला काही मिळणार नव्हतं. तो जखमी जवान धरलाच गेला नाही.

मेजर कुरियन यांनी लिहून पाहिलं. हाड प्रशिक्षणातच मोडलं, आणि आम्हाला धोका आधी कळला होता, असं स्पष्ट लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं, तेव्हा त्यांच्याच बदलीची ऑर्डर आली. जाण्याआधी त्यांनी अंजलीला चाचणीचा एकूण हिशेब दाखवला. चौदाच्या आतले जेवढे मोडले, त्यांच्याशी तुलना केली तर वरचेही फार मागे नव्हते. फरक होता, पण त्यावरून कुणाला अडवावं एवढा नव्हता. "तुमचा कुंदन मात्र बरोबर निघाला," ते म्हणाले, आणि म्हटल्यावर स्वतःच खाली बघू लागले.

अंजली सायखेड्याला गेली तेव्हा पुढचा हिवाळा लागला होता. जावं की न जावं यात तिचे बरेच दिवस गेले होते. गोदेकडे उतरणाऱ्या गल्लीत घर होतं. कुंदन पडवीत खाटेवर बसून मेथीच्या जुड्या बांधत होता. खाटेला कुबडी टेकवलेली. तो जाड झाला होता. तिला बघून त्याने केस सारखे केले.

"या मॅडम," तो म्हणाला. "आई, मॅडम आल्या."

नवसाबाई बाहेर आली. अंजलीने तयारी केली होती, बोलणी खायची. पण नवसाबाईने पाणी दिलं आणि तिच्या समोर जमिनीवर बसली.

"रोज तेच मनात येतं," ती म्हणाली. "त्या दिशी मी बसमधी तोंड उघडलं नसतं तर."

"मावशी, तुमच्या बोलण्याने काही झालं नाही. पाय कसाही मोडलाच असता."

"मोडला असता, ते कळतं मला. पण लबाड तरी ठरला नसता ना माझा लेक." तिने पदर डोळ्याला लावला नाही. डोळे कोरडेच होते. "तुम्ही बी सांगायला नको होतं. पण तुमचं तरी काय, तुम्ही त्याच्या भल्यासाठीच सांगितलं. मी बी भल्यासाठीच सांगितलं."

कुंदन जुडी बांधत राहिला.

अंजलीने त्याचा पाय तपासला. खुबा वळवताना त्याने दात आवळले. मेजरांनी जाण्याआधी मिळवून दिलेल्या पुण्याच्या फिल्म तिने नाशिकच्या ओळखीच्या हाडाच्या डॉक्टरांना आधीच दाखवल्या होत्या. हाडाच्या गोळ्याला रक्त पोचत नव्हतं, तो आतून मरत चालला होता. कधी ना कधी सांधा बदलावा लागणार. पण वय एवढं कमी, आत्ता बदलला तर तो त्याला जन्मभर पुरायचा नाही. डॉक्टर म्हणाले होते, अजून बिघडू द्या, अगदीच सहन होईनासं झालं की या. हे घरच्यांना कसं सांगावं याचा विचार करतच ती आली होती. आता तिने ते सांगून टाकलं.

"म्हणजे बिघडायची वाट बघायची," कुंदन म्हणाला.

"हो."

"बरं."

तिने त्याला बसल्या बसल्या करायचे काही व्यायाम शिकवले. त्याचा उपयोग थोडाच आहे, हे तिला माहीत होतं. बहुधा त्यालाही होतं. तरी त्याने ते नीट करून दाखवले.

ती निघाली तेव्हा इतका वेळ कोपऱ्यात उभे असलेले मोतीराम पुढे झाले. कुंदनचे वडील. उभा जन्म पालेभाजीच्या वाफ्यात गेलेला माणूस, बोलायची सवय नसलेला. "मॅडम, जरा मागल्या अंगाला येता का? दोन मिनटं."

घरामागे नवीन विटांची छोटी खोली होती. दाराला अजून रंग नव्हता. मोतीरामांनी दार उघडून दिवा लावला. आत पांढरा कमोड बसवलेला होता, चकचकीत, त्यावरचा प्लास्टिकचा कागदही पूर्ण काढलेला नव्हता. त्या गल्लीत तसला पहिलाच असावा.

"खाली बसता येत नाय ना त्याला," मोतीराम म्हणाले. "पोरगं संकोचायचं. त्याच्या आईला हाक मारायला लागायची उठवायला. मंग गवंडी आणला मी. पण त्यानं अंदाजानंच बसवला. उंची बरोबर हाय का, तेवढं तुम्ही बघता का?"

अंजलीने कुंदनला बोलावलं. तो कुबडीवर आला, लाजत, आणि कपड्यासकट त्यावर बसून दाखवलं. उजवा गुडघा कंबरेच्या वर जात होता. उठताना त्याला भिंतीला धरावं लागलं.

"चार बोटं वर घ्यावा लागेल," ती म्हणाली. "खाली ओटा करून घ्या. आणि उजव्या हाताला धरायला एक पाइप भिंतीत बसवा. घट्ट."

"चार बोटं," मोतीरामांनी स्वतःचा पंजा भिंतीला आडवा लावून पाहिला आणि तिथे खिळ्याने खूण केली. मग ते गवंड्याला हाक मारायला गल्लीत गेले.